बारक्या पोराचा जोडा

माझा उजवा क्लाइंबिंग शू सह्याद्रीतल्या तैलबैलाच्या कातळभिंतीवरून खाली गेला तेव्हा मी लीड करणाऱ्याला, म्हणजे दोर घेऊन सर्वांत पुढे चढणाऱ्याला, बिले देत होते, म्हणजे त्याचा दोर खालून सांभाळत होते. शू एकदा कातळाला लागून उडाला आणि खालच्या कारवीच्या झाडीत गडप झाला. वरून आवाज आला, "ताई, स्लॅक दे!" म्हणजे दोर ढिला सोड. मी सोडला. हातातला दोर सुटला नाही, एवढंच काय ते त्या दिवसाचं पुण्य.

तसा मी शू काढला नव्हता. नुसती टाच मोकळी केली होती. बिलेला उभं राहिलं की सगळेच करतात हे. टाच बाहेर, बोटं आत, म्हणजे शूची चप्पल करून उभं राहायचं. शूच्या मागच्या फितीत कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणारी धातूची कडी, घालून तो कमरेच्या पट्ट्याला, हार्नेसला, अडकवून टाकावा, हा पहिल्या महिन्यात शिकवलेला धडा. त्या दिवशी कंटाळा केला. पाऊण तास त्या खाचेत उभी होते, नोव्हेंबरचं ऊन कातळावर तापत होतं, आणि बोटांची अवस्था अशी होती की करंगळी अजून आहे की नाही हे पाहण्यासाठी तरी टाच सोडवणं भाग होतं. पाय हलवला आणि गेला.

उरलेला टप्पा एका पायात शू आणि एक पाय अनवाणी अशी चढले. बसाल्टच्या धारेवर उघडा पाय ठेवायचा म्हणजे विळीवर ठेवल्यासारखं. तरी वर पोहोचल्यावर बसून दोन्ही पाय पाहिले, तेव्हा कुठला जास्त दुखतोय हे ठरवता येईना. बांधलेला की उघडा?

संध्याकाळी खाली वस्तीवर पिठलं-भाकरी खात होतो. ज्यांच्या ओसरीवर बसलो होतो ते मामा गुरं घेऊन परतले आणि कमरेच्या फडक्यातून त्यांनी माझा शू काढला. दोन बोटांवर धरून सगळ्यांना दाखवला. "कारवीत घावला. बारक्या पोराचा दिसतोय. कुनाचं प्वार आलंय का तुमच्या बरुबर?"

कोणी बोललं नाही. मग सगळे हसले. मी भाकरी खाली ठेवून हात पुढे केला. मामांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग शूकडे, आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, "आत जातो?"

गेली सात-आठ वर्षं हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता.

*

एवढा लहान जोडा मी घेतलाच कसा, त्याची गोष्ट मोठ्या जोड्यापासून सुरू होते.

२००३-०४ च्या सुमारास मी चढायला लागले तेव्हा क्लाइंबिंग शू ही एकट्याची वस्तू नसायची. ग्रुपकडे दोन जोड होते, एक सात नंबरचा आणि एक नऊ. ज्याच्याकडे लीड त्याच्या पायात शू, बाकीचे हंटरमध्ये नाहीतर ॲक्शनच्या ट्रेकिंग शूजमध्ये. हंटर म्हणजे तो हिरवट कॅनव्हासचा, घोट्याच्या वर येणारा, पोलीस भरतीच्या मुलांच्या पायांत दिसतो तो. घसाऱ्यावर, कारवीतून, ओढ्यातून तो उत्तम. स्वस्त, आणि ओला झाला तरी दुसऱ्या दिवशी वाळतो. पण कातळात बोटभर होल्डवर, म्हणजे हात-पाय टेकायच्या कंगोऱ्यावर, उभं राहायचं म्हटलं की त्याचा जाड, नक्षीदार सोल मधेच दुमडतो आणि पायाखाली काय आहे याचा पत्ताच लागत नाही.

माझा पाय पाच नंबरचा. लीड माझ्याकडे आली की सात नंबरचा शू, आत मोज्यांचे दोन जोड. शू कातळावर घट्ट उभा आणि पाय शूच्या आत फिरतोय, हा प्रकार ज्याने अनुभवला नाही त्याला सांगून कळणार नाही. होल्ड पक्का आहे, रबर पक्कं आहे, आणि तरी टाच हळूहळू बाहेरच्या बाजूला गळत चाललीय. ड्यूक्स नोजच्या, म्हणजे आपल्या नागफणीच्या पायथ्याशी सरावाच्या कातळावर मी अशी दोनदा सुटले. दोर होता, खरचटण्यावर निभावलं. पण दुधाने तोंड पोळलं ते पोळलंच.

त्यामुळे २००९ मध्ये पहिल्यांदा स्वतःचे शूज घ्यायची वेळ आली तेव्हा मी घट्टपणाच्या पंथात आनंदाने सामील झाले. पंथच तो. दीक्षेचं वाक्य एकच: रोजच्या मापापेक्षा दीड-दोन नंबर कमी घ्यायचं, दुखलंच पाहिजे, दुखत नसेल तर मोठा झाला. सहकाऱ्याची बहीण अमेरिकेतून येणार होती, तिच्या बॅगेतून छत्तीसचा जोड आला. माझं युरोपियन माप साडेअडतीस. पहिल्या दिवशी पाय आत जाईना, तेव्हा एका जाणकाराने युक्ती सांगितली. दुधाची पिशवी धुऊन पायात घालायची, प्लॅस्टिकवरून पाय सरकतो. मी एक लिटरच्या दोन पिशव्या कापून, धुऊन, वाळवून ठेवल्या. सरकला पाय. बाहेर यायला मात्र नवऱ्याने टाच धरून ओढावं लागलं आणि तो मागे कपाटावर आपटला.

आपल्याकडे या श्रद्धेला पोषक वातावरण आहे, हेही खरं. कोल्हापुरी घेताना आपण काय करतो? अंगठा अडकेल इतकी घट्ट घ्यायची, तेल चोळायचं, आठ दिवस चावू द्यायची, मग ती पायाची होते. जोडा चावणं हा ओळख होण्याचा भाग आहे असं आपण लहानपणापासून मानतो. चामड्याच्या बाबतीत ते खरंही आहे. अस्तर नसलेल्या चामड्याचा क्लाइंबिंग शू अर्धा ते एक नंबर सहज सैलावतो. माझा तो पहिला जोड मात्र सिंथेटिक होता, आणि सिंथेटिक फारसा सैलावत नाही. मी चार महिने त्याच्याशी ओळख वाढवत राहिले आणि तो अनोळखीच राहिला.

त्यात त्याचा आकार. टाचेपासून बोटांकडे येता येता तळवा खाली वाकलेला, टोक अंगठ्याकडे वळलेलं. टेबलावर ठेवला तर मधली कमान वर आणि नखं रोवलेली, थेट वाघनख. हा आकार काढणाऱ्याने विचार करूनच काढलेला आहे. भिंत डोक्यावर आलेली असते, पाठ जमिनीकडे असते, तेव्हा पायाने होल्ड ओढून धरावा लागतो. तिथे सपाट शू निसटतो आणि वाकडा रुततो. क्लाइंबिंग जिममधल्या बोल्डरिंगला, म्हणजे दोराशिवायच्या छोट्या चढायांना, आणि चुनखडीच्या ओव्हरहँगला, म्हणजे बाहेर झुकलेल्या कड्याला, हे हत्यार लागतं, आणि जिममध्ये लोक दोन मिनिटं चढतात, खाली गादीवर उडी मारतात आणि पहिलं काम म्हणजे शू काढतात. हे शेवटचं मला कोणी सांगितलं नव्हतं. मी ते वाघनख घालून सह्याद्रीतल्या सुळक्यांवर तासन्‌तास उभी राहत होते.

*

आता पायाबद्दल थोडं. माझ्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे. ज्या घरात जुनी माणसं आहेत तिथे याचा अर्थ सांगायला नको. लग्नात जोडवी घालताना सासूबाईंच्या ते लक्षात आलं आणि त्या शेजारच्या बाईला कोपराने ढोसत म्हणाल्या, "बघितलंस का? आमचा मुलगा गेला कामातून."

मुलगा आहे अजून, ठीक आहे. पण ते बोट आणि त्यातलं जोडवं यांनी मला त्या छत्तीसच्या शूत जो त्रास दिला तो नवऱ्याला मी वीस वर्षांत दिला नसेल. अंगठ्याकडे टोक असलेल्या शूत लांब दुसऱ्या बोटाला जागाच नसते. ते मधल्या पेरात दुमडून वर येतं आणि वरच्या रबराला घासतं. त्यात चांदीची जोडवी. पहिल्याच दिवशी एक चेपून लंबगोल झालं आणि काढताना साबण लावावा लागला. मग चढायच्या आधी जोडवी काढून चॉक बॅगेत, म्हणजे हातांना लावायच्या पांढऱ्या भुकटीच्या पिशवीत, टाकायची सवय लागली. एकदा रविवारी रात्री ताटं वाढताना सासूबाईंचं लक्ष पायांकडे गेलं.

"जोडवी कुठायत?"

"चॉक बॅगेत."

त्यांना चॉक बॅग म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मी आणून दाखवली. पांढऱ्या भुकटीतून त्यांनी दोन्ही जोडवी बोटांनी शोधून काढली, पदराला पुसली, वाकडं झालेलं जोडवं उजेडात धरून पाहिलं. मला वाटलं आता सौभाग्यावर व्याख्यान होणार. त्या म्हणाल्या, "अगं, चांदी वाकली. पायाचं काय झालं असेल?"

पायाचं काय झालं होतं ते पुढे एका डॉक्टरांनी सांगितलं. अंगठ्याच्या मुळाशी सांधा बाहेर यायला लागला होता, दोन नखं काळी. त्यांनी विचारलं, टोकदार हिल्स घालता का? म्हटलं, नाही, कडे चढते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मी मलम आणलं. शू तोच ठेवला. माणूस आपल्या मूर्खपणात किती पैसे गुंतवलेत याचा हिशेब करत बसतो.

मामांनी विचारल्यावर मात्र घरी आल्या आल्या एक गोष्ट केली. वर्तमानपत्र पसरलं, त्यावर उभी राहिले, मुलीला पेन्सिलने पायाभोवती रेघ मारायला लावली. मग त्या आकृतीवर शू ठेवला. पाय शूच्या चहूबाजूंनी बाहेर होता, पुढून चांगला अंगठ्याच्या नखाएवढा, बाजूने त्याहून थोडा कमी. शिवाय उजवा पाय डाव्यापेक्षा चार मिलिमीटर लांब निघाला, ही पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर कळलेली नवी माहिती. चांभारकामात ज्या लाकडी साच्यावर जोडा चढवतात त्याला कालबूत म्हणतात. क्लाइंबिंग शूचंही सगळं त्याच्यावर असतं. कंपनीचं कालबूत आणि तुमचा पाय यांचं जुळलं तर उरलेल्या गोष्टी किरकोळ आहेत. नाही जुळलं तर नंबर वरखाली करून काही होत नाही, फक्त दुखायची जागा बदलते.

*

ज्यावर चढायचं त्या दगडाचाही विचार मी कधी केला नव्हता.

आपला दगड बसाल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले, त्यामुळे सगळ्या रेघा आडव्या. पायाला मिळतात त्या लहान, धारदार, आडव्या कडा, कुठे बोटभर, कुठे नखभर, मधे एखादी खोबण. त्यातली प्रत्येक हलवून, ठोकून बघावी लागते, कारण निम्म्या हातात येतात. म्हणजे इथे चढणं सावकाश. लीड करणारा होल्ड तपासत, गवताचे झुबके बाजूला करत, कातळात ठोकलेल्या जुन्या पिटॉनकडे, म्हणजे खिळ्याकडे, संशयाने बघत जाणार आणि खालचा उभा राहणार. लिंगाण्यासारख्या सुळक्यावर किंवा हरिश्चंद्रगडच्या कोकणकड्यासारख्या ठिकाणी दिवसभरात प्रत्यक्ष चढण्यापेक्षा उभं राहण्याचा वेळ जास्त असतो. काळा दगड, पश्चिमेचं ऊन, आणि दुपारनंतर सुजलेले पाय. उन्हात पाय अर्ध्या नंबराने वाढतो हे मी अंदाजाने नाही, लेस कुठल्या छिद्रापाशी ओढली जाते ते बघून सांगतेय.

अशा धारेवर उभं राहायला लागतो तो थोडा कडक सोलचा, सपाट शू. बोटं सरळ पण पुढे टेकलेली, म्हणजे अंगठ्याचा जोर थेट कडेवर जातो आणि पोटऱ्या थरथरत नाहीत. हंपीचे गोटे वेगळे. तिथे ग्रॅनाइट, खरखरीत, होल्ड नावालाच, नुसता तळवा चिकटवून घर्षणावर जायचं, त्याला मऊ सोल बरा वाटतो. बदामीचा लाल वालुकाश्म आणखी वेगळा, त्यात आडव्या फटी भरपूर. मी वर्षातून एकदा हंपी किंवा बदामीला जाते, आठवड्यातून एकदा जिमला, आणि बाकी सगळे रविवार सह्याद्रीत. या तिन्हींत निभावेल असा एकच जोड मला हवा होता. 'ऑलराउंडर' म्हणतात तो. क्रिकेटमधल्यासारखाच, शतकही ठोकत नाही आणि पाच बळीही घेत नाही, पण संघातून काढता येत नाही.

आणि सपाट, सोयीचा शू म्हणजे नवशिक्यांचा, हा जो समज आहे तो कुठून आला कोण जाणे. ॲलेक्स होनॉल्ड हा अमेरिकन गिर्यारोहक ३ जून २०१७ रोजी अमेरिकेतल्या योसेमिटीतल्या एल कॅपिटनवर दोराशिवाय चढला. सुमारे नऊशे मीटरची ग्रॅनाइटची भिंत. त्याच्या पायांत टीसी प्रो होते, घोटा झाकणारे, लेसचे, सपाट. टीसी म्हणजे टॉमी काल्डवेल, हाही अमेरिकन चढाईवाला. त्यानेच स्वतःच्या गरजेतून ते ला स्पोर्टिव्हा या शू कंपनीकडून घडवून घेतले. जानेवारी २०१५ मध्ये त्याने आणि केव्हिन जॉर्जेसनने त्याच एल कॅपिटनची डॉन वॉल नावाची बाजू एकोणीस दिवस भिंतीवर राहून चढली. ज्यांना भिंतीवर दिवस काढायचे असतात ते पायांशी भांडत नाहीत. त्यांचे फोटो मी आधीही पाहिले होते. पाहिले होते म्हणजे हात पाहिले होते, खालची खोली पाहिली होती. पायांकडे पाहायचं सुचलं ते मामांच्या प्रश्नानंतर.

मुळातला रॉक शू तरी कुठे वाकडा होता? फ्रान्समधल्या फोंतेनब्लोच्या गोट्यांवर चढणाऱ्या पिएर आलँने १९३० च्या दशकात गुळगुळीत रबराच्या तळव्याचा बूट वापरून पाहिला आणि त्याच्या नावाच्या अद्याक्षरांवरून ते बूट 'पीए' झाले. त्यांचा पुढचा अवतार 'ईबी', जगभरच्या चढाईवाल्यांच्या पायांत वर्षानुवर्षं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बोरियाल या स्पॅनिश कंपनीने 'फिरे' काढला आणि त्याच्या चिकट रबराने आधीचं सगळं जुनं करून टाकलं. तेव्हापासूनची खरी करामत रबराची आहे. १९९१ मध्ये आलेला ला स्पोर्टिव्हाचा मिथॉस बघा. मऊ चामडं, टाचेला वळसा घालून येणारी लेस, आकार बिचाऱ्या गोगलगायीसारखा. तो आजही विकला जातो आणि त्याचा चाहता साठीचा असेल की विशीचा हे सांगता येत नाही.

*

खरेदीला गेले ते ऑफिस सुटल्यावर, मुद्दाम. सकाळी पाय बारीक असतात आणि आशावादीही. बरोबर वर्तमानपत्रातली आकृती कापून नेली होती आणि जुन्या पाटाची सुटलेली आडवी पट्टी. सागवानी, इंचभर जाड, कडा अजून काटकोनी. दुकानातल्या मुलाने विचारलं, "मॅडम, हे काय?" म्हटलं, "कडा."

पट्टी फरशीवर ठेवून नवा शू घालायचा, फक्त अंगठ्याचा भाग कडेवर टेकवायचा, खांबाला बोट लावून उभं राहायचं. टाच खाली ओघळते का, बोटं आत मागे सरकतात का, हे अर्ध्या मिनिटात कळतं. नुसतं आरशापुढे चालून काहीही कळत नाही, कारण क्लाइंबिंग शू हा चालायचा जोडाच नाही. पहिला जोड घातला तर टाचेत पोकळी. पाय दाबला की फुस्स करून हवा बाहेर यायची. कुकरची शिट्टी वाजायच्या आधी येतो तसा आवाज. दुसऱ्याची मागची कड टाचेच्या वरच्या शिरेत घुसत होती. तिसरा त्याच अडतीस नंबरचा, पण बोटं टोकापर्यंत पोहोचेनात. चौथ्यात आकृती बसली, पाय नाही बसला, कारण वरून पायाची उंची जास्त आणि शूची कमी.

"मॅडम, क्लाइंबिंग शू असाच असतो. टाइटच घ्या. सवय होते."

मुलगा विशीतला, चांगला चढणारा असावा, हाताच्या कातडीवरून कळत होतं. मी त्याला माझं अंगठ्याचं हाड दाखवलं. तो गप्प झाला आणि आतून आणखी दोन खोकी घेऊन आला. नंतर सांगत होता की त्याच्या आईचंही असंच आहे, पण ती कधी चढली नाही.

पाचवा जोड घालून मी पंधरा मिनिटं तशीच बसले. हे करायला लाज वाटते, दुकान बंद व्हायची वेळ होते, तरी करावं. पहिल्या मिनिटाला सगळेच शूज गोड बोलतात. बोटांची टोकं पुढे टेकलेली होती, पेरं किंचित वर, डोंगर झालेले नाहीत. दुसऱ्या बोटाला जागा होती, कारण टोक गोलसर आणि जवळजवळ मधोमध. बाजूंना दाब सगळीकडे सारखा, एखाद्याने दोन्ही हातांत पाय धरावा तसा. चामडं वरून, आत पातळ अस्तर, त्यामुळे सैलावेल पण बेताने. रबर जाडसर. बंद वेल्क्रोचे नव्हते, लेस होती. जिममध्ये वेल्क्रोची मजा आहे, फर्रकन काढा, फर्रकन घाला. पण सकाळी सातला बांधलेला शू दुपारी एकला त्याच पायावर वेगळा बसतो आणि तेव्हा पुढचे दोन वेढे ढिले, वरचे घट्ट असं बारकाईने करायला लेसच लागते.

अडतीस नंबर घेतला. साडेअडतीसच्या पायाला अर्धा कमी, बस. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की चार जणी तोच घेतील आणि त्यांच्या पायांना माझं कालबूत कसं बसेल? नऊ-दहा हजार रुपये म्हणजे थोडेथोडके नाहीत.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात घामाने चामड्याचा पिवळा रंग सुटला, अस्तरातूनही. पाय घोट्यापर्यंत हळदीच्या नवरीसारखे पिवळे. तीन वेळा धुऊन गेला नाही. सासूबाई खूश.

*

त्यात उणिवा आहेत, लपवण्यासारखं काही नाही. जिममध्ये छतासारख्या भिंतीवर टाच अडकवून स्वतःला ओढायचं असतं तेव्हा हा शू टाचेतून सुटू पाहतो. तिथली पोरं माझ्या शेजारून वाघनखं घालून भराभर जातात आणि वरून "ताई, हील हुक मारा ना!" म्हणून सल्ला देतात. अगदी नखाएवढ्या होल्डवर जुन्या शूचं टोक जास्त नेमकं बसायचं, हे मान्य. पण ते दहा हालचालींपुरतं. अकराव्या हालचालीला मी होल्डऐवजी पायाचा विचार करत असे. आता दुपारी चारला, तिसऱ्या बिलेवर, मी दरीत घिरट्या घालणारी घार बघत उभी असते. टाच आत असते.

एक शहाणपणा मात्र अंगाशी आला. दीड वर्षाने पुढचं रबर झिजलं तेव्हा ते बदलायला हवं होतं. रीसोल करून देणारी मोजकी चढाईवाली मंडळी आपल्याकडे आहेत, पाठवायचं, दोन-तीन आठवडे थांबायचं. मला थांबवेना. घराजवळच्या चपला दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेला. त्यांनी शू उलटासुलटा केला, वास घेतला, लगेच दूर धरला, आणि म्हणाले, "हा टायरवानी लागतोय." रबर त्यांनी सुंदर कापलं, कड इतकी सफाईदार घासली की कंपनीने लाजावं. पण रबर साधं, बुटाच्या सोलचं. पुढच्या रविवारी पहिल्याच तिरक्या कातळावर पाय ठेवला आणि शेवाळावर ठेवल्यासारखी खाली आले. काकांचा काहीच दोष नाही, मीच चिकट रबर आणून दिलं नव्हतं. शेवटी तोच जोड योग्य हाती गेला आणि नवं रबर चढून आला. सुदैवाने झीज सोलपुरतीच होती. सोलच्या वर पुढून गुंडाळलेली रबराची पट्टी, जिला रँड म्हणतात, ती फाटेपर्यंत वाट पाहिली असती तर खर्च दुप्पट झाला असता.

तो छत्तीसचा जोड मी भाचीला देऊन टाकला. तिचा पाय साडेपस्तीस, वय बारा, आणि तिला तो अगदी बरोबर होतो. मामांचं निदान चुकलं नव्हतं.

ज्यांनी रीसोल करून दिलं त्यांनी जोड परत करताना एक गोष्ट दाखवली. काढलेल्या जुन्या रबराचे दोन तुकडे त्यांनी ठेवले होते. उजव्याचं टोक थोडंसं गोल झालेलं, डाव्याचं आतल्या बाजूने कागदासारखं पातळ. म्हणाले, "डावा पाय तुम्ही होल्डवर ठेवत नाही, भिंतीवरून घासत नेऊन टाकता. उचलून ठेवा, वर्षभर जास्त टिकेल." मी मान डोलावली. घरी येऊन तुकडे ओट्यावर ठेवले तर सासूबाईंनी चष्मा लावून पाहिले. "डावा ना?" म्हणाल्या. "जिन्यावरून येतेस तेव्हा मला वरूनच कळतं, तू आलीस की कोण आलं."

रविवारी परत तैलबैला आहे. जोडवी काढलेली नाहीत.